मदत हवी, पण बेताची

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीची जाहिरात पाहिली, की सुविधांची यादी मोठी दिसते. क्लब हाऊस, ग्रंथालय, मंदिर, चालण्याचा ट्रॅक, शुद्ध शाकाहारी जेवण, दारात रुग्णवाहिका आणि चोवीस तास सुरक्षा. पंचाहत्तरी ओलांडलेले आईवडील पुण्यात किंवा नाशिकला, मुलगा बंगळूरला आणि मुलगी परदेशात, अशी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. सुटीत मुले येतात, एखादा रविवार काढून दोन-तीन वसाहती पाहून घेतात. खोल्या बघतात, जेवण चाखतात, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते विचारतात. हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. एक प्रश्न मात्र सहसा राहून जातो. इथे राहणाऱ्या माणसाची आंघोळ किती वाजता होते, आणि ती वेळ कोण ठरवते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण वृद्धांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या वैद्यकशास्त्रात तो मध्यवर्ती आहे. मदत कमी पडली तर माणूस पडतो, उपाशी राहतो, औषध चुकवतो. मदत गरजेपेक्षा जास्त झाली तर त्याचे स्नायू जातात, सवयी जातात आणि हळूहळू स्वतःचे काही ठरवण्याची इच्छाही जाते. पहिला धोका सर्वांना दिसतो. दुसरा मात्र काळजीच्या नावाखाली होत असल्याने लक्षात येत नाही. चांगली वसाहत कोणती, हे या दोन टोकांच्या मध्ये ती कुठे उभी आहे त्यावरून ठरते.

नावे अनेक, व्यवस्था वेगळ्या

आपल्याकडे ज्येष्ठांच्या निवासाचा विषय निघाला, की ‘वृद्धाश्रम’ हा एकच शब्द तोंडी येतो आणि त्यामागे एक अपराधी भावनाही येते. प्रत्यक्षात या व्यवस्था किमान चार प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार धर्मादाय वृद्धाश्रमाचा. ज्यांना कोणी नाही किंवा ज्यांची ऐपत नाही, त्यांना आसरा देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून आहेत. पुण्यातील ‘निवारा’ ही त्यांतलीच एक जुनी संस्था. दुसरा प्रकार स्वतंत्र राहणीच्या वसाहतींचा. इथे माणूस स्वतःच्या सदनिकेत राहतो, स्वयंपाकघर आणि दाराची किल्ली त्याचीच असते. जेवण, साफसफाई, प्रथमोपचार आणि सोबत मात्र वसाहतीत मिळते. पुण्यात ‘अथश्री’सारखे प्रकल्प उभे राहिले, तेव्हापासून ही कल्पना मराठी मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. तिसरा प्रकार सहाय्यक निवासाचा, म्हणजे रोजच्या कामांत हाताला हात देणारा मदतनीस जिथे असतो तो. चौथा शुश्रूषा केंद्राचा. अंथरुणाला खिळलेल्या, नळीने अन्न द्यावे लागणाऱ्या किंवा शेवटच्या टप्प्यातील रुग्णांसाठी तिथे परिचारिका असतात.

गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. चालताफिरता माणूस स्वतंत्र सदनिका घेतो आणि पुढे गरज पडली तर इथेच सगळे होईल असे गृहीत धरतो. पाच-सात वर्षांनी खुबा मोडतो किंवा स्मृतिभ्रंश सुरू होतो, आणि तेव्हा कळते की इथे रात्री उठवून बाथरूमला नेणारे कोणी नाही. वसाहतीची फसवणूक असतेच असे नाही. तिने तसे वचन दिलेलेच नसते.

सहाय्यक निवासाची कल्पना कशी आली हेही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला ऐन वयात पक्षाघात झाला आणि तिला अनेक वर्षे नर्सिंग होममध्ये काढावी लागली. स्वतःचे दार, स्वतःचे स्वयंपाकघर आणि हवे तेव्हा झोपण्याची मुभा एवढीच तिची मागणी होती. त्यातून विल्सन यांनी १९८३मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड इथे ‘पार्क प्लेस’ सुरू केले. तिथल्या लोकांना रुग्ण नव्हे, भाडेकरू म्हटले जाई. दाराला आतून कुलूप लावता येई, पथ्य पाळायचे की नाही हे त्यांचे तेच ठरवत. अशाने माणसे लवकर दगावतील अशी भीती अनेकांनी व्यक्त केली, म्हणून राज्य सरकारने तिथल्या रहिवाशांचा पाठपुरावा केला. त्यांची प्रकृती ढासळली नाही, नैराश्य कमी झाले आणि सरकारचा खर्चही नर्सिंग होमच्या मानाने कमी आला. हा इतिहास मूळच्या विदर्भातील गावंडे घराण्याचे सर्जन अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४च्या पुस्तकात सांगितला आहे. त्याच पुस्तकात यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावच्या त्यांच्या आजोबांविषयीही लिहिले आहे. शंभरी ओलांडल्यावरही हे आजोबा रोज रात्री घोड्यावर बसून शेताला फेरी मारत. घरच्यांनी त्यांना थांबवले नाही. सोबतीला माणूस दिला आणि घोडा लहान आणला. बेताची मदत म्हणतात ती हीच.

दिवस कसा जातो

अशा वसाहतीतला दिवस लवकर सुरू होतो. वयाबरोबर झोप उथळ होते आणि पहाटे चारला जाग येते. त्यासाठी लगेच झोपेची गोळी मागण्याचे कारण नसते. रात्री साडेआठला अंथरुणावर पडलेला माणूस चारला उठला, तर त्याची झोप पुरी झालेली असते.

उठल्यावरची पहिली दोन मिनिटे मात्र महत्त्वाची. आडवा माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या लगेच आकसून दाब सावरतात. वय झाल्यावर आणि रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे हे सावरणे मंदावते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला वैद्यकीय लक्ष हवे. म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडे बसावे, घोटे हलवावेत, मग उठावे. वसाहतीतल्या परिचारिकेने रक्तदाब बसवून तर मोजावाच, पण महिन्यातून एकदा उभा करूनही मोजावा. या साध्या तपासणीने कितीतरी पडणे टळते.

मग चालणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. पहिली गोष्ट बहुतेक जण करतात, दुसरी क्वचितच. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालणे या गोष्टी सामूहिक कवायतीत बसवता येतात. हास्यक्लब छानच, पण त्याने मांडीचे स्नायू बळकट होत नाहीत. पाच वेळा उठ-बस १४ सेकंदांत जमते का, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सोपी चाचणी आहे. ती घरीही करता येते, मात्र खुर्ची भिंतीला टेकवून आणि शेजारी कोणाला तरी उभे करून.

सकाळी नऊ आणि दुपारी साडेबारा या भोजनगृहाच्या वेळा. जेवणाबद्दल तक्रार नाही अशी वसाहत सापडणार नाही. मीठ कमी, तिखट जास्त, भाजी कच्ची. या तक्रारींकडे कुरकूर म्हणून पाहू नये. वयाबरोबर चव आणि वास कमी होतात, कवळी सैल होते, तोंड कोरडे पडते. मग माणूस पोळी-भाजी टाळून चहा-बिस्किटे, मऊ भात, साबुदाण्याची खिचडी यांवर भागवतो. पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. घट्ट वरण, दही, पनीर, मऊ शिजवलेली उसळ, चालत असल्यास अंडी, हे दोन्ही वेळच्या ताटात दिसायला हवे. प्रत्येक रहिवाशाचे वजन महिन्याला नोंदवले जाते का, ही चांगल्या वसाहतीची साधी खूण. कारण नसताना सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरले, तर तपासणी करावी लागते.

भोजनगृहात आणखी एक गोष्ट घडते. सहा जणांच्या टेबलावर एक आजोबा गप्प बसलेले असतात. लोक म्हणतात, स्वभाव एकलकोंडा आहे. पुष्कळदा त्यांना फक्त ऐकू येत नसते. ताटांचा आवाज, पंख्याची घरघर आणि एकाच वेळी चाललेल्या चार गप्पा यांतून शब्द वेगळे काढणे कमजोर कानांना जमत नाही. दोनदा चुकीचे उत्तर दिल्यावर लोक हसतात, मग माणूस बोलणे थांबवतो आणि पुढे खोलीतच डबा मागवू लागतो. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ऐकू कमी येणे, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि एकटेपणा हे तिन्ही त्यांत आहेत. कानाचे यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कोपऱ्यातले शांत टेबल हेसुद्धा उपचारच आहेत.

दुपारी झोप, चारला चहा, मग पत्ते, कॅरम, भजन, व्याख्यान. इथे सक्ती नसावी. निवृत्त मुख्याध्यापिकेला भजनात रस नसेल आणि वसाहतीतल्या सफाई कामगारांच्या मुलांचा अभ्यास घ्यावासा वाटत असेल, तर तिची संध्याकाळ तिच्या मर्जीने जायला हवी. करमणुकीपेक्षा कोणाच्या तरी उपयोगी पडणे या वयात अधिक बळ देते.

जास्त मदतीचा अपाय

मदतीचा बेत कसा बिघडतो, याचे नेहमीचे उदाहरण आंघोळीचे. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना स्वतः आंघोळ करून साडी नेसायला चाळीस मिनिटे लागतात. मावशींनी केले तर बारा मिनिटे. मावशींना आणखी सात जणींचे करायचे असते. साहजिकच त्या पटापट आवरतात, आणि आजीही संकोचाने काही म्हणत नाहीत. दोन महिन्यांनी आजींचा खांदा वर जाईनासा होतो, कारण केस विंचरायला आणि पदर घ्यायला तो वर जायचा, ते बंद झालेले असते. साडीच्या जागी गाऊन आलेला असतो. मग गाऊनमध्ये भोजनगृहात कसे जायचे, म्हणून जेवण खोलीत येऊ लागते.

चाकाच्या खुर्चीचे तसेच. जेवायला जाताना पन्नास पावले चालायला दहा मिनिटे लागतात, म्हणून खुर्ची येते. वापर थांबला की म्हातारपणी स्नायू किती झपाट्याने जातात हे २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात विश्रांती दिली, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान जवळपास एक किलोने घटले. हे लोक आजारी नव्हते. न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेनंतर काय होत असेल याची कल्पना यावरून यावी.

डायपरचा प्रश्न सर्वांत नाजूक. रात्री उठवण्याचा त्रास नको म्हणून सुरू झालेला डायपर दिवसाही राहतो. ज्या माणसाला लघवीची जाणीव होते, त्याला ‘असू द्या, डायपर आहे’ असे सांगितले जाते, आणि काही आठवड्यांत ती सवय पक्की होते. दर दोन-तीन तासांनी आठवण करून बाथरूमला नेणे हा त्यावरचा उपाय आहे. त्याला माणूस लागतो. म्हणूनच तो टाळला जातो.

मनावरचा परिणामही असाच. १९७६मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, चित्रपट कोणत्या दिवशी पाहायचा ते तुम्ही सांगा, आणि हे रोप घ्या, त्याला पाणी तुम्हीच घालायचे. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालत आणि बाकी सगळे कर्मचारी ठरवत. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक सावध, अधिक आनंदी आणि जास्त मिसळणारी दिसली. अभ्यास लहान होता आणि पुढच्या पाठपुराव्यातील काही आकडेमोडीत नंतर दुरुस्तीही करावी लागली. तरी कुंडीला पाणी घालण्याएवढ्या जबाबदारीचाही माणसाला उपयोग होतो, ही त्यातली गोष्ट वृद्धांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाशी जुळते.

गोळ्यांचा डबा

वसाहतीत आलेल्या नव्या रहिवाशाबरोबर औषधांची एक पिशवी येते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे. प्रत्येकाने दिलेल्या गोळ्या योग्य असतात, पण सगळ्या एकत्र कोणी पाहिलेल्या नसतात. रोज पाच किंवा अधिक औषधे हा सर्वसाधारणपणे बहुऔषधीचा उंबरठा मानतात. अमेरिकेतील डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१मध्ये नर्सिंग होममधील वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या जुन्या पिढीतल्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली वेदनाशामके ही त्यातली नेहमीची नावे. या गोळ्यांनी तोल जातो, लघवी तुंबते, विस्मरण वाढते. मग त्या त्रासांवर नवी गोळी सुरू होते.

कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. काही औषधे हळूहळूच थांबवावी लागतात. मात्र सहा महिन्यांतून एकदा सगळी पिशवी एकाच डॉक्टरांसमोर रिकामी करून ‘यातली कोणती आता नको?’ असे विचारावे. मधुमेहाबाबत तर हे फार गरजेचे आहे. अशक्त ज्येष्ठांमध्ये साखर फार कडक ठेवण्याचा अट्टहास धोक्याचा ठरतो. गोळी साडेबाराला घेतली आणि जेवण दीडला आले, तर साखर उतरते. आजोबा चिडचिड करतात, असंबद्ध बोलतात, आणि सगळ्यांना ते वयाचे लक्षण वाटते.

रात्री दोन वाजता

वसाहतीची खरी परीक्षा रात्री होते. ६५ वर्षांवरील साधारण दर तीन माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. पलंग ते बाथरूम ही वाट त्यात विशेष धोक्याची. वाटेत मंद दिवा, पायपुसण्याला बंदी, पायात घट्ट बसणारी चप्पल, कमोडशेजारी आधाराची दांडी आणि हाताशी घंटा, एवढे केले तरी धोका बराच कमी होतो. पाणी पिणे सोडून देणे हा उपाय नव्हे. दिवसा भरपूर पाणी घ्यावे, रात्री कमी करावे, आणि लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे.

कोणी पडलेच, तर पहिली प्रतिक्रिया काखेत हात घालून उभे करण्याची असते. तसे करू नये. खुब्यात तीव्र दुखत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून आडवेच ठेवून रुग्णालयात न्यावे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्याच दिवसापासून रुग्णाला उभे करावे. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणून अंथरुणात ठेवणे बहुतेकांना शस्त्रक्रियेपेक्षा जास्त महागात पडते. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्या माणसाचे डोके आपटले असेल, तर बाहेर काही दिसत नसले तरी तपासणी करावीच.

घंटा वाजल्यावर कोण येते, हे म्हणूनच महत्त्वाचे. दारावरचा सुरक्षारक्षक, झोपलेला वॉर्डबॉय की प्रशिक्षित परिचारिका? किती मिनिटांत? रुग्णवाहिका आवारात उभी आहे, पण चालक रात्री घरी जातो, असेही असू शकते.

सेवा देणारे हात

ही सगळी काळजी ज्यांच्या हातून होते, त्या मदतनीस बहुतेक वेळा कमी शिकलेल्या, कमी पगाराच्या, ब्यूरोमार्फत आलेल्या बाया असतात. बारा तासांची पाळी, स्वतःचे घर दूर, आणि दिवसातून वीस वेळा माणूस उचलण्याने पाठ गेलेली. त्या टिकत नाहीत. त्या न टिकण्याची किंमत रहिवाशांना मोजावी लागते.

याचे कारण वैद्यकीय आहे. वृद्ध माणसाला लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया झाला, तर ताप येईलच असे नाही. तो फक्त गप्प होतो, भ्रमिष्टासारखे बोलतो, जेवत नाही. काल आलेल्या मदतनिसाला हा माणूस असाच वाटतो. वर्षभर चहा देणारी मावशी मात्र म्हणते, ‘आज काका वेगळेच आहेत.’ हे ‘वेगळेच आहेत’ ऐकून त्याच दिवशी तपासणारी वसाहत आणि ते कानाआड करणारी वसाहत यांत जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक पडू शकतो. म्हणून वसाहत पाहताना क्लब हाऊसपेक्षा मदतनिसांशी पाच मिनिटे बोलावे. इथे किती वर्षे आहात, रात्री एकीकडे किती माणसे असतात, उचलण्याचे शिक्षण दिले का, एवढे विचारले तरी पुरे.

गरज वाढते तेव्हा

मदत किती लागते हे मोजण्याची सोपी रीत आहे. आंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठ-बस, मलमूत्रावर ताबा आणि जेवण ही सहा कामे माणूस स्वतः करतो का, हे पाहायचे. १९६३पासून जगभर वापरली जाणारी ही कॅट्झ मोजणी. सहसा आंघोळीला आधी मदत लागू लागते, हाताने जेवणे सर्वांत शेवटी सुटते. चांगल्या ठिकाणी दर काही महिन्यांनी ही नोंद होते आणि जिथे अडते तेवढीच मदत दिली जाते.

जोडप्यांमध्ये पेच होतो. पतीला स्मृतिभ्रंश आहे, पत्नी धडधाकट. रात्रभर तो दार उघडायला जातो, ती जागी राहते, आणि वर्षभरात तिचाच रक्तदाब हाताबाहेर जातो. त्याला शेजारच्या सहाय्यक विभागात ठेवून तिने दिवसातले चार तास त्याच्याजवळ बसणे, हा त्याग सोडल्याचा पुरावा नव्हे. दोघांची प्रकृती सांभाळण्याचा तो मार्ग आहे. अशा वेळी दोन्ही विभाग एकाच आवारात असणे फार मोलाचे ठरते.

आणखी एक गोष्ट वेळेत बोलून ठेवावी. अखेरच्या आजारात कृत्रिम श्वासयंत्र हवे की नको, रात्री तीनला आयसीयूत न्यायचे की खोलीतच वेदना कमी करायच्या, हे त्या माणसानेच शुद्धीत असताना सांगून ठेवलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. त्याची प्रत वसाहतीच्या कार्यालयात आणि मुलांकडेही असावी.

ठरवण्यापूर्वी

महारेराने मे २०२४मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष लागू केले. लिफ्ट, रॅम्प, चाकाची खुर्ची जाईल अशी रुंद दारे, न घसरणारी फरशी, स्वच्छतागृहात आधाराच्या दांड्या, पर्यायी वीज या गोष्टी आता विक्री करारात दिसायला हव्यात. हे नियम बांधकामाचे आहेत. सेवेचे काय, हे वेगळे पाहावे लागते. करारात पुढील गोष्टी लेखी असाव्यात:

• स्वतः आंघोळ जमेनाशी झाली, तर राहता येईल की जावे लागेल? स्मृतिभ्रंश झाल्यास काय?
• मदतनिसाचा खर्च मासिक शुल्कात आहे की वेगळा? दरवर्षी किती वाढतो?
• रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका आहे का?
• जोडीदाराच्या निधनानंतर दुसऱ्याचा हक्क आणि अनामत रकमेचे काय?
• उठण्याच्या, आंघोळीच्या, जेवणाच्या वेळांत किती मोकळीक आहे?

शक्य असल्यास पंधरा दिवस पाहुणे म्हणून राहून पाहावे, आणि निर्णय आईवडिलांनी घ्यावा. मुलांनी ठरवून, घर विकून, सामान हलवून झाल्यावर ‘बघा किती छान आहे’ म्हणणे, हा बेताच्या मदतीचा पहिलाच भंग होतो. जाण्याची उत्तम वेळ हातपाय चालत असतानाची. ओळखी होतात, वाटा पायाखालच्या होतात. आजारपणात एकदम हलवलेला माणूस नव्या जागी बिथरतो.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांतल्या बहुतेकांना अशा वसाहती परवडणार नाहीत, आणि अनेकांना त्या नकोही असतील. त्यांच्यासाठी ७० वर्षांवरील सर्वांना पाच लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी दोन खोल्यांच्या घरातही होण्यासारख्या आहेत. बाथरूममध्ये दांडी बसवायला फार खर्च येत नाही. वजन महिन्याला करता येते, औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवता येते. आणि आजी भाजी निवडत असतील, त्यांना वेळ लागत असेल, दोन-चार देठ तसेच राहत असतील, तर ती परात त्यांच्यासमोरून उचलून घेऊ नये.